घडण्यापूर्वीचा पंचनामा

पंचनामा हा कागद आपल्या व्यवहारात नेहमी घटनेच्या मागून येतो. गोठा जळाला, विहीर ढासळली, उभ्या पिकात पुराचे पाणी शिरले, म्हणजे तलाठी येतो, पंच जमतात, जागेच्या चतुःसीमा लिहिल्या जातात, नुकसानीचा तपशील मांडला जातो, खाली सह्या आणि अंगठे उमटतात आणि तो कागद कचेरीच्या दफ्तरात जाऊन बसतो. माझ्या आयुष्याची बरीच वर्षे ज्या उद्योगात गेली त्याचा शिरस्ता याच्या उलट आहे. जो अपघात अद्याप घडलेला नाही, आणि कधी घडू नये अशीच ज्याविषयी सर्वांची इच्छा आहे, त्याचा पंचनामा मी आगाऊ लिहीत आलो. विजेच्या जाळ्याची गणिती प्रतिकृती संगणकावर उभी करावयाची, तीत बुद्धिपुरस्सर बिघाड घडवावयाचा, एखादी तार शेजारच्या तारेवर टेकवावयाची, एखादी जमिनीवर पाडावयाची, आणि त्या क्षणापासून पुढील एक-दोन सेकंदांत कोणत्या वाहिनीतून किती प्रवाह धावेल, कोणता रिले तो ओळखील, कोणता ब्रेकर उघडेल आणि कोणता जागच्या जागी स्वस्थ बसून राहील, याचा तपशील लिहून ठेवावयाचा, असे या कामाचे स्वरूप आहे. अशा बिघाडाला आमच्याकडे कार्यकारी अभियंत्यापासून हेल्परपर्यंत सारे फॉल्टच म्हणतात, म्हणून मीही येथे तोच शब्द ठेवतो.

हे काम मी मुख्यत्वे नरडाण्याच्या परिसरात केले. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले सोनगीर आणि त्याच्या माथ्यावरचा किल्ला मागे पडतो, आणि तापी ओलांडून शिरपूरच्या हद्दीत शिरण्यापूर्वी शिंदखेडे तालुक्यातील हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेकडून खानदेशात जो लोहमार्ग आणला त्यावर नरडाण्याचे स्थानक आहे. आणि रस्ता व रेल्वे अशी दोन्ही साधने हाताशी असलेल्या या गावाजवळ पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली. ज्याला विजेच्या जाळ्याचा अभ्यास करावयाचा आहे त्याच्या दृष्टीने हा टापू मोठा संपन्न आहे. रेल्वेच्या डोक्यावर २५ केव्हीची एकपदरी तार, कारखान्यांच्या दारापर्यंत आलेल्या ३३ आणि ११ केव्हीच्या वाहिन्या, त्यांच्याच उपकेंद्रांतून निघून कपाशी, मका आणि मिरचीच्या वावरांतून मैलोगणती गेलेले शेतीचे फीडर, आणि पश्चिमेला साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या व सूर्यप्रकाशापासून वीज करणारे प्रकल्प, इतक्या परस्परभिन्न प्रकृतीच्या गोष्टी एका दिवसाच्या फेरीत पाहावयास मिळतात. आणि प्रत्येकीची मोडण्याची रीत निराळी असते.

प्रतिकृतीच्या कामाचा आरंभ संगणकापाशी होत नाही. कारखान्याचा सिंगल लाइन डायग्रॅम हाती घेऊन प्रत्यक्ष यंत्रसामग्रीपुढे उभे राहिले, म्हणजे कागद आणि वस्तू यांत किती अंतर पडले आहे हे हळूहळू ध्यानी येऊ लागते. नकाशात जी केबल सरळ रेषेत दाखविलेली असते ती प्रत्यक्षात मागाहून बांधलेल्या गोदामाला वळसा घालून गेलेली असते. ज्या नामपट्टिकेवर ट्रान्सफॉर्मरच्या इंपिडन्सचा आकडा कोरलेला असावयाचा तिच्यावर रंगाऱ्याने दर दसऱ्याला इमानाने ब्रश फिरविलेला असतो. आणि कोणत्या पॅनेलमधील रिले खरोखर काम करतो व कोणता नुसताच काचेआड बसला आहे, ही माहिती कोणत्याही दस्तऐवजात नसून तेथल्या जुन्या वायरमनच्या स्मरणात मात्र बिनचूक असते. एका कारखान्यात अशाच एका वृद्ध वायरमनने मला सांगितले की, नकाशात दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडलेले दिसत असले तरी ते कधीही एकत्र चालविले जात नाहीत, कारण एकत्र चालविले की मधला ब्रेकर बसत नाही. त्या एका वाक्याने माझ्या प्रतिकृतीतील फॉल्टचा प्रवाह जवळजवळ निम्म्याने खाली आला. माहिती गोळा करण्याच्या या कामाला वरिष्ठ मंडळी किरकोळ समजतात व नवख्या मुलांवर सोपवितात. परंतु पुढच्या सगळ्या गणिताचा पाया येथेच भक्कम किंवा कच्चा होतो, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले.

गणिताचा भाग आता यंत्राने इतका सुलभ केला आहे की, त्यामागे किती बुद्धिमंतांचे परिश्रम आहेत याचे विस्मरण होते. तिन्ही फेज एकदम एकमेकांना भिडणे हा फॉल्ट हिशेबाला सोपा, पण घडावयास दुर्मीळ; ओव्हरहेड वाहिन्यांवरील शंभरातले ७० ते ८० फॉल्ट एकाच फेजचा जमिनीशी संबंध आल्याने होतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि एक फेज खाली आला की तिघांमधील समतोल ढळून सारी समीकरणे एकमेकांत गुंतून पडतात. ही गुंतागुंत चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली सोडविली. कोणतीही असमतोल त्रिफेज अवस्था ही तीन समतोल अवस्थांची बेरीज म्हणून मांडता येते, हे त्याने दाखविले, आणि धन, ऋण व शून्य अशा तीन अनुक्रमांची ती जाळी फॉल्टच्या प्रकारानुसार एकमेकांस जोडली की उत्तर निघू लागले. एडिथ क्लार्क या विदुषीने ही पद्धत इंजिनियरांच्या नित्याच्या उपयोगात आणली. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये असा एक भव्य फलक उभा राहिला, की ज्यावर रोध, वेटोळी आणि धारित्रे जोडून संपूर्ण प्रांताचे विद्युतजाल लहान प्रमाणात उभे करता येई आणि त्यात खराखुरा, पण निरुपद्रवी फॉल्ट करून मीटरवर त्याचा परिणाम वाचता येई. १९६९ साली हर्मन डोमेल यांनी क्षणोक्षणी बदलणारे प्रवाह अंकीय संगणकावर काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९७३ साली बर्कलेच्या विद्यापीठातून लॉरेन्स नॅगल यांचा स्पाइस हा मंडलांचा आज्ञासंच बाहेर पडला. ज्यासाठी एके काळी फलकांनी भरलेली खोली लागे ते काम आज मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून मांडीवरच्या यंत्रावर करतो.

फोर्टेस्क्यूच्या रीतीतील एका बारकाव्याकडे मात्र येथेच लक्ष वेधून ठेवतो. एक फेज जमिनीला टेकला असता तिन्ही अनुक्रमांची जाळी एकापुढे एक जोडली जातात, आणि जेथे तार जमिनीला टेकली तेथील रोध त्या जोडणीत तिप्पट होऊन बसतो. म्हणजे फॉल्टच्या गणितात तारेची जात, ट्रान्सफॉर्मरची घडण, दूरच्या वीजकेंद्राचे बळ या सर्वांना जेवढे स्थान आहे त्याहून कित्येकदा अधिक स्थान, जिच्यावर तार पडली त्या जमिनीला आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत हा रोध बहुधा शून्य धरलेला असतो.

शून्य धरण्यात वावगे काही नाही. प्रश्न कोणता विचारला आहे त्यावर ते अवलंबून आहे. नरडाण्यासारख्या वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात ११ केव्हीचा दाब ४३३ व्होल्टांवर उतरविणारा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असणे ही सामान्य गोष्ट आहे. पूर्ण भाराला त्याच्या खालच्या बाजूने सुमारे १३३३ अँपिअर वाहतात. इंपिडन्स पाच टक्के धरला, तर त्याच्या बसबारवरच धातूला धातू भिडून फॉल्ट झाल्यास हा प्रवाह २६ हजार अँपिअरांच्या पलीकडे जाऊ शकतो. तेथे बसविलेल्या ब्रेकरची तोडण्याची क्षमता १६ हजारांचीच असेल, तर तो फॉल्ट तोडणार नाही, स्वतःच फुटेल. अशा ठिकाणी सर्वांत वाईट गोष्ट गृहीत धरणे हेच शहाणपणाचे असते. शिवाय फॉल्ट कोणत्या क्षणी झाला यालाही महत्त्व आहे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. त्यात दाब शून्यातून जात असतानाच फॉल्ट झाला, तर प्रवाहाची लाट एका बाजूस कलते आणि तिचे पहिले शिखर नेहमीच्या परिणामी मूल्याच्या अडीच पटींपर्यंत चढते. दोन बसबारांमधील ढकलाढकलीचे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, त्या पहिल्या शिखरालाच तांब्याच्या पट्ट्या वाकलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून प्रतिकृतीत तोच फॉल्ट आवर्तनाच्या निरनिराळ्या बिंदूंवर पुनःपुन्हा घडवून सर्वांत क्रूर क्षण शोधावा लागतो. एका कारखानदारांनी या हिशेबांचा सारा तक्ता पाहून, "इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच हा खर्च कशासाठी?" असे विचारले होते. त्यांच्या दाराशी नवे उपकेंद्र आल्यामुळे पुरवठा पूर्वीपेक्षा बळकट झाला होता आणि पुरवठा बळकट झाला की फॉल्टही बळकट होतो, हे त्यांना पटवून देण्यास मला त्या तक्त्याचाच उपयोग झाला. कारण गतकाळ निर्वेध गेला हा पुरावा ज्या जाळ्याबद्दल होता ते जाळे आता अस्तित्वातच नव्हते.

याच उपकेंद्रांतून शेतीचे फीडर निघतात, आणि तेथे प्रश्नाचे स्वरूप बदलते. ३३ चा दाब ११ वर उतरविणारा ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर उपकेंद्राच्या दारातच तिन्ही फेज भिडले असता फार तर ३६७० अँपिअरांच्या आसपास प्रवाह निघतो. तोच फॉल्ट रॅबिट जातीच्या तारेवर २० किलोमीटर दूर, वाहिनीच्या शेवटल्या खांबाशी झाला, तर वाटेतील तारेचा रोध त्याला आवळून धरतो आणि प्रवाह ४५० अँपिअरांपर्यंत उतरतो. फीडरचा रिले २०० अँपिअरांवर लावलेला असेल, तर जवळचा फॉल्ट तो पाव सेकंदात तोडील, दूरचा तोडावयास त्याला जवळजवळ सेकंद लागेल. येथवर हिशेब ठीक चालतो. पण शेवटल्या खांबाशी तिन्ही फेज भिडत नाहीत. तेथे एक तार तुटते आणि वावरात पडते. त्या जागी जमिनीचा रोध २०० ओहम धरला, तर ६३५० व्होल्टांच्या फेजदाबाला जेमतेम ३० अँपिअर प्रवाह निघेल. जमिनीच्या फॉल्टसाठी असलेला रिले २० टक्क्यांवर, म्हणजे ४० अँपिअरांवर लावलेला असला, तर त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. उपकेंद्रातील अँमीटरचा काटा एवढी हालचाल दिवसभरात पंप चालू-बंद होण्यानेही करतो. कारखान्यात फॉल्ट भयंकर असतो तो प्रवाह फार असतो म्हणून. शेतात तो भयंकर ठरतो तो प्रवाह फार थोडा असतो म्हणून, कारण माणूस किंवा बैल मारण्यास त्याचा अत्यल्प अंशही पुरेसा आहे.

हे आकडे माझ्या परिचयाचे होते, परंतु त्यांना देह मिळाला तो एका मे महिन्यात. त्या दिवशी मी एका उपकेंद्रात रिलेंच्या नोंदी उतरून घेत बसलो होतो. खानदेशातील मे म्हणजे दुपारी खांबाला हात लावता येऊ नये असा काळ. तारा तापून लोंबतात, तिसऱ्या प्रहरी वावटळी उठतात आणि जुनी जोडणी जेथे कमकुवत असेल तेथे दगा देते. ऑपरेटरच्या टेबलावरचा दूरध्वनी वाजला आणि पलीकडून लाइनमनचा आवाज इतका मोठ्याने आला की तो मलाही ऐकू आला: "साहेब, तार खाले पडेल शे, पन फीडर चालूच शे!" ऑपरेटरने उठून ब्रेकर हाताने उघडला. पॅनेलवर रिले चालल्याचा कोणताही झेंडा पडला नव्हता, कोणताही दिवा पेटला नव्हता. मागाहून कळले ते असे की, नांगरून उन्हात तापत ठेवलेल्या, भेगा पडलेल्या वावरात ती तार बराच वेळ पडून होती, मधूनमधून ठिणग्या टाकीत होती, आणि शेताच्या मालकाने बैलजोडी बांधापलीकडे नेऊन बांधून, लाइनमन येईपर्यंत स्वतः वाटेत उभे राहून कोणाला तिकडे फिरकू दिले नव्हते. कोणास इजा झाली नाही, ती त्याच्या दक्षतेमुळे.

संध्याकाळी ते लाइनमन, ज्यांना सर्वजण आप्पा म्हणत, उपकेंद्रात परत आले तेव्हा माझ्या पडद्यावर त्याच फीडरचा फॉल्ट काढलेला होता. उपरण्याने मान पुसत त्यांनी ती वक्ररेषा पाहून घेतली आणि विचारले, "साहेब, तुमना कम्प्युटरमा माती शे का?" मी म्हटले, "आप्पा, मातीच्या जागी एक आकडा आहे." मग तो आकडा कोणी सांगितला, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता; आणि या विषयावर झालेल्या चर्चांत मला विचारले गेलेले इतके नेमके प्रश्न थोडेच आहेत. पंचनाम्यावर पंच म्हणून गावचीच माणसे का घेतात, याचे कारण मला त्या वेळी नव्याने उमगले. तलाठ्याला मोजणी येते, कायदा येतो, पण ते शेत कोणाचे, बांध पूर्वी कोठे होता, पाणी कोणत्या बाजूने शिरते, हे ज्याने पाहिलेले असते त्याच्या साक्षीवाचून कागदाला वजन येत नाही. माझ्या आगाऊ पंचनाम्यावर पंच कोणीच नव्हता.

पुढच्या हंगामात आप्पांना बरोबर घेऊन त्या फीडरच्या मार्गावरील जमिनी आम्ही पाहिल्या. तापीकाठची गाळाची जमीन, मधला काळ्या कपाशीच्या मातीचा पट्टा आणि टेकाडाकडचा मुरमाड, बरड भाग, असे तिचे तीन प्रकार त्यांनी स्वतःच पाडून दिले, आणि कोणत्या भागात तार पडली असता उपकेंद्र बंद होते व कोणत्या भागात होत नाही, हेही अनुभवाने सांगितले. चार सळया समान अंतरावर ठोकून मातीचा विशिष्ट रोध मोजण्याची वेनरची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. त्या रीतीने मे महिन्यात मोजलेले आणि श्रावणात मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवले, तेव्हा एकाच काळ्या मातीत ऋतुमानाने कित्येक पटींचा फरक दिसला. उपकेंद्राच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून उन्हाळाभर पाणी ओतण्याचा जो जुना शिरस्ता आहे त्यामागे हेच ज्ञान आहे. फक्त तार जेथे पडते तेथे कोणी पाणी ओतून ठेवलेले नसते.

परंतु मातीचा रोध कळला म्हणून तारेखालचा रोध कळला असे होत नाही. पडलेली तार जमिनीला सलग चिकटत नाही. ढेकळांवर, कोरड्या काडीकचऱ्यावर ती जागोजाग टेकते आणि मधल्या पोकळीत आर्क पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने या विषयावर दीर्घकाळ काम केले. आपल्या ११ केव्हीशी मिळत्याजुळत्या दाबाच्या तेथील वाहिन्यांवर तारा मुद्दाम पाडून पाहिले असता, कोरड्या वाळूवर आणि डांबरी रस्त्यावर प्रवाह जवळजवळ शून्य, कोरड्या गवतावर २५ अँपिअरांच्या आसपास आणि ओल्या गवतावर ५० च्या आसपास आढळला. १९९० साली इमॅन्युएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवट जमिनीवरील आर्कची एक सुटसुटीत प्रतिकृती मांडली. तीत एकमेकांविरुद्ध तोंड केलेले दोन डायोड आणि त्यांच्यामागे दोन असमान दाबांचे स्रोत असतात. दाब एका मर्यादेपर्यंत चढेपर्यंत प्रवाह वाहतच नाही, आणि वाहतो तेव्हाही धन अर्ध्यात एक आणि ऋण अर्ध्यात दुसरा असा विषम वाहतो. अशा फॉल्टच्या प्रवाहाची लाट खरोखर अशीच कुबडी, खंडित आणि दर आवर्तनास रूप पालटणारी असते. शून्य रोधाचा फॉल्ट पडद्यावर पाहिला म्हणजे डोळ्यांना सुबक दिसतो. हा फॉल्ट पाहिला म्हणजे गणितात कोठे तरी गडबड झाली असावी असे प्रथम वाटते, आणि तीच त्याची ओळख आहे.

यावर एक उपाय कोणासही सुचेल: रिलेची मर्यादा ४० वरून १५ वर किंवा १० वर आणावी. तो आम्ही प्रतिकृतीत करून पाहिला आणि त्याची दुसरी बाजू पुढे आली. उन्हाळाभर इन्सुलेटरांवर साचलेल्या धुळीवर वळवाचा पहिला शिडकावा पडला की साऱ्या वाहिनीवर थोडी थोडी गळती सुरू होते, प्रवाह मोजणाऱ्या सी.टी.मधील किरकोळ विषमता तीत भर घालते, आणि तार कोठेही पडलेली नसता फीडर वारंवार ट्रिप होऊ लागतो. रात्री पाण्याची पाळी असलेला शेतकरी उपकेंद्रावर येऊन उभा राहतो. ऑपरेटर दोनदा, तीनदा ब्रेकर घालून पाहतो आणि अखेरीस तो संवेदनशील रिलेच कोणी तरी बाजूला काढून ठेवतो. मग खरी तार पडते त्या दिवशी रक्षणाला काहीच उरत नाही. ही गोष्ट कोणत्याही समीकरणात नाही; ती उपकेंद्राच्या ओट्यावर चार पावसाळे काढल्यावाचून समजत नाही, आणि तरीही रिलेचा आकडा ठरविताना तिचा विचार टाळता येत नाही.

तार तुटण्याचा आणखी एक प्रकार आप्पांच्या सांगण्यावरून मी प्रतिकृतीत घातला. तार खांबाजवळ तुटून उपकेंद्राकडील टोक वरच अडकून राहते आणि पुढच्या बाजूचे टोक जमिनीवर येते, तेव्हा ते निर्जीव असणार असे पाहणारास वाटते. कारण त्याचा उगमाशी संबंध तुटलेला असतो. प्रत्यक्षात पुढील ट्रान्सफॉर्मरांच्या डेल्टा जोडणीतून उरलेल्या दोन फेजांचा दाब त्या टोकापर्यंत उलट मार्गाने पोचतो. त्यातून वाहणारा प्रवाह इतका अल्प असतो की उपकेंद्राला त्याचा पत्ताही लागत नाही, पण हात लावणाऱ्याला तो सोडीत नाही. "मागली बाजूबी धरते," असे आप्पा आपल्या हेल्परांना सांगत. कित्येक वर्षे या मार्गावर तोंडी शिकविले जात असलेले हे ज्ञान तक्त्यात आकड्यांनी उतरले, एवढेच माझ्या श्रमाचे श्रेय.

फॉल्ट असूनही न दिसणे हा एक धोका. फॉल्ट नसताना दिसणे हा त्याचाच जुळा भाऊ. ३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे वीजजाल कोसळले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळून सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. चौकशी समितीच्या निष्कर्षानुसार त्या मालिकेतील आरंभीची घटना म्हणजे ४०० केव्हीच्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीचे ट्रिप होणे. आणि त्या वाहिनीवर तेव्हा फॉल्ट नव्हता. भार अतिशय वाढला आणि दाब उतरला, त्यामुळे दूरच्या फॉल्टवर नजर ठेवणाऱ्या तिसऱ्या टप्प्याच्या रिलेला तो भारच फॉल्टसारखा दिसला. आमचा पश्चिम विभाग त्या वेळी शाबूत राहिला. परंतु ती हकीगत वाचल्यापासून मी प्रत्येक प्रतिकृतीत फॉल्टांच्या यादीबरोबर एक दुसरी यादी जोडू लागलो: फॉल्ट नाही, पण परिस्थिती बिकट आहे, अशा प्रसंगांची. अपराध्याला सोडू नये आणि निरपराध्याला धरू नये, ही न्यायाची दोन्ही अंगे रिलेलाही लागू पडतात, आणि एका अंगासाठी केलेला फेरफार बहुधा दुसऱ्या अंगाच्या मुळावर येतो.

अलीकडे या हिशेबात आणखी एक पालट झाला आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, आणि त्यानंतर लहानमोठे सौर प्रकल्प फीडरांच्या टोकांवरही दिसू लागले. फिरत्या लोखंडी चाकाच्या जनित्रात फॉल्टच्या क्षणी मूळ प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह देण्याची धमक असते. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर मात्र आपल्या अर्धवाहकांच्या जिवाला जपून, पूर्ण भाराच्या दीडपटीच्या आतच हात आखडता घेतो. ज्या रक्षणव्यवस्थेने शंभर वर्षे 'प्रवाह वाढला म्हणजे फॉल्ट झाला' या एका सूत्रावर भरवसा ठेवला, तिच्यापुढे आता असा उगम आला आहे की जो फॉल्टमध्येही फारसा खवळत नाही. त्याचे वर्तन तांब्यालोखंडाच्या नियमांपेक्षा त्यात भरलेल्या आज्ञावलीवर अवलंबून असते, आणि ती आज्ञावली कारखानदार बहुधा उघड करीत नाही. पूर्वी मला माती कोणती हे विचारावे लागे. आता बंद पेटीत कोणता हुकूम लिहिला आहे हेही विचारावे लागते.

म्हणून माझ्या अहवालात उत्तरांच्या आधी गृहीतांचे पान येते, आणि त्यात प्रत्येक आकड्यासमोर तो कोणी, कोठे आणि कोणत्या ऋतूत पाहिला हे लिहिलेले असते. माझ्या हाताखाली आलेली तरुण मंडळी या पानाला कंटाळतात. आज्ञासंचाने दिलेला रंगीत आलेख त्यांना अधिक भारदस्त वाटतो, आणि एका दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. परंतु यंत्र प्रत्येक उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत देते, मग त्याच्या पोटी मोजलेला आकडा असो की अंदाजाने घातलेला, आणि या दोहोंतील भेद दाखविण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही.

त्या फीडरच्या अहवालात शेवटी आम्ही तीन शिफारशी केल्या. वाहिनीच्या मध्यावर, फॉल्ट तोडून आपोआप पुन्हा जोडणारा एक रिक्लोझर बसवून तिचे दोन भाग करावेत, म्हणजे दूरच्या भागासाठी निराळी, अधिक संवेदनशील मर्यादा ठेवता येईल. बरड भागातील जुन्या जोडण्या व जंपर उन्हाळ्यापूर्वी बदलावेत. आणि तिसरी अशी की, तार पडल्याचा निरोप लाइनमनकडून किंवा गावातील कोणाही माणसाकडून आला, तर ऑपरेटरने ब्रेकर आधी उघडावा आणि चौकशी मागाहून करावी. अहवाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी पहिल्या दोहोंना तात्काळ संमती दिली. तिसरी शिफारस रक्षणव्यवस्थेच्या तक्त्यात बसत नाही, ती कार्यालयीन परिपत्रकाची बाब आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी ती तक्त्यातच राहू द्यावी असा आग्रह धरला, कारण मे महिन्यातील कोरड्या वावरात पडलेल्या तारेसाठी संपूर्ण तक्त्यात दुसरे कोणतेही साधन खात्रीने काम करणारे नव्हते. अखेरीस रिलेंच्या ओळींखाली तिची एक ओळ झाली. 'कार्यकाल' या रकान्यात बाकी सर्वांपुढे मिलिसेकंद लिहिलेले होते. या ओळीपुढे मी 'काही मिनिटे, रस्त्यावर अवलंबून' असे लिहिले, आणि अधिकाऱ्यांनी त्यावर काही न बोलता सही केली.